पुढच्या कट्ट्यापर्यंत: कॅनॉल स्टेनोसिसची माझी दोन वर्षं

२०२३च्या जूनमध्ये माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चाललो. वर्षातून हा एवढा एकच टप्पा, गेली दहा-अकरा वर्षं. त्या वर्षी हडपसर यायच्या आतच पोटऱ्या भरून आल्या, तळव्यांना मुंग्या आल्या. रस्ता सपाट, आणि मी दर पंधरा मिनिटांनी कुठल्या तरी दुकानाच्या पायरीवर टेकतोय. म्हटलं, दिवे घाटात आपलं काही खरं नाही. पण घाट लागला, चढणीला अंग पुढे झुकलं आणि पाय मोकळे झाले. पन्नाशीची माणसं धापा टाकत होती आणि सहासष्ट वर्षांचा मी त्यांच्या पुढे. वर पोचून रस्ता सपाट झाल्यावर पुन्हा तेच ओझं.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "माउलींनी चढवलं." मलाही ते बरं वाटलं. मणक्यापर्यंत पोचायला अजून वर्ष जायचं होतं.

मी पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरी कालव्याच्या भरावावरून पायी फिरण्यात गेली, त्यामुळे चालणं ही गोष्ट कमी होऊ शकते हेच डोक्यात नव्हतं. पर्वती पायथ्याच्या आमच्या घरापासून सारसबाग एका दमात व्हायची. डिसेंबरपर्यंत त्या वाटेचे तीन तुकडे झाले: मेडिकलची पायरी, रिक्षा स्टँडचा लोखंडी बाक, मग वडाखालचा कट्टा. लोकांना कळू नये म्हणून मी फोन आल्याचं नाटक करायचो. सगळ्यात चांगलं सोंग बुटाची नाडी बांधण्याचं. खाली वाकलं की मिनिटा-दोन मिनिटांत पाय हलके व्हायचे. हे का होतं याचा विचार तेव्हाच करायला हवा होता.

चालण्याहून वाईट उभं राहणं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या रांगेत दहा मिनिटांत मांड्यांपर्यंत जडपणा चढला. गणपतीत तिसऱ्या आरतीला मी हळूच खुर्चीवर. आणि एवढं असून सायकल मात्र आठ-आठ किलोमीटर चालवायचो, काही त्रास नाही. त्यावरून घरात जे ऐकावं लागलं ते काय सांगू. "अहो, सायकल मारता येते आणि कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला चालता येत नाही?" तिचं चुकत नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला हा आजार कामचुकारपणासारखाच दिसतो.

जानेवारी २०२४. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी शुगरवर बोट ठेवलं. मधुमेह बारा वर्षांचा, तेव्हा नसा खराब झाल्या असतील. बी-१२ तपासलं, ते थोडं कमी निघालं, इंजेक्शनं झाली. फरक नाही. मग रक्तवाहिन्यांची शंका, पायांचा कलर डॉपलर, २,८०० रुपये. रक्तपुरवठा ठीक. मग हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचे एक्स-रे काढून गुडघ्याच्या गोळ्या दिल्या. मध्ये सकाळच्या योगवर्गात "पाठीला ताण मिळायला हवा" म्हणून दोन महिने भुजंगासन. ते केलं की तासभर पाय नीट पडायचे नाहीत. ओळखीतला प्रत्येक जण सांगत होता, "मणक्यात गॅप पडलाय, दुसरं काही नाही."

मे महिन्यात एका मणक्याच्या सर्जनकडे गेलो. तपासणी फी १,२००, बाहेर दोन तास, आत बारा मिनिटं. त्यांनी फाईल उघडलीच नाही. विचारलं, "थांबल्यावर नुसतं उभं राहून बरं वाटतं की बसावं लागतं?" बसावं लागतं, नाहीतर वाकावं लागतं. "पर्वती चढताना त्रास की उतरताना?" उतरताना. एकशे तीन पायऱ्या चढून जातो, उतरताना कठड्याला धरून. "डी-मार्टमध्ये ट्रॉली ढकलताना?" मी हिच्याकडे बघितलं. तिथे मी तासभर फिरतो, हीच दमते. डॉक्टर हसले. रक्तवाहिन्या अडल्या असतील तर नुसतं थांबलं, अगदी ताठ उभं राहिलं, तरी पोटरी शांत होते. नस मणक्यात दाबली जात असेल तर कंबर पुढे वाकवल्याशिवाय सुटका नाही. सायकलवर, ट्रॉलीवर, घाटात माणूस वाकलेलाच असतो. घोट्याजवळची नाडी, अंगठ्यातली ताकद, गुडघ्याचा झटका हे त्यांनी तपासलं आणि एमआरआय लिहून दिला. "लंबार कॅनॉल स्टेनोसिस वाटतंय." म्हणजे कमरेच्या मणक्यातली, नसा जातात ती वाट अरुंद होणं.

कॅनॉल! मी म्हटलं, "साहेब, माझी नोकरीच कॅनॉलवर गेली."

एमआरआय जूनमध्ये, ६,५०० रुपये. आडवं, सरळ झोपून अर्धा तास राहायचं आणि नेमकं सरळ झोपल्यावरच माझे पाय भरून यायचे. टेक्निशियनला आधी सांगितलं तर गुडघ्याखाली उशी देतात. हे मला बाहेर आल्यावर कळलं, तुम्ही आत जातानाच सांगा. फिल्म आणि रिपोर्टबरोबर सीडीही मागून घ्या, पुढचा प्रत्येक डॉक्टर ती मागतो.

रिपोर्टवर ओळीने प्रत्येक मण्यापाशी त्या वाटेची रुंदी मिलिमीटरमध्ये होती. वर १४, १३, मग एल३-एल४ला, म्हणजे कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मण्यांमध्ये, ९ आणि एल४-एल५ला ६. आडवा छेद बघताना मला काही समजवावं लागलं नाही. गॅप कुठला, उलट जागाच राहिली नव्हती. पुढून चकती फुगलेली, दोन्ही बाजूंचे सांधे वाढलेले, आणि मागचं लवचीक अस्तर जाड होऊन आत आलेलं. आमच्या भाषेत, हेडला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी, पाणी भरपूर पण मध्ये गाळ आणि फुगलेलं अस्तरीकरण, म्हणून टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची बोंब. पाय म्हणजे टेल. ताठ उभं राहिलं की ते अस्तर आणखी आत दुमडतं, वाकलं की ताणलं जाऊन जागा होते. भुजंगासनाचा हिशोब तेव्हा लागला.

सर्जन म्हणाले, "फोटो घाबरवणारा आहे, पण मी फोटोचं ऑपरेशन करत नाही. किती चालता ते लिहून आणा." हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं. असाच फोटो असलेली माणसं आरामात फिरतात आणि बऱ्या फोटोची माणसं अडतात, असं त्यांचं म्हणणं. त्याचबरोबर एक ताकीद दिली, ती कागदावर लिहून फ्रिजवर लावली होती: लघवी अडली किंवा नकळत झाली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर अपॉइंटमेंट वगैरे नाही, त्याच दिवशी थेट हॉस्पिटल.

जुलैपासून फिजिओथेरपी. आठवड्यातून तीनदा, एका वेळचे ४००. फिजिओ मुलगी माझ्या लेकीहून लहान. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, पाय दुखायला लागल्यावर थांबायचं नाही. दुखायच्या आधी थांबायचं." मला हे कालव्याच्या पाण्याच्या आवर्तनासारखं वाटलं. पाळी सुटली, पाळी बंद, परत सुटली. मी जुन्या मोजमाप पुस्तकाच्या चालीवर वही आखली: तारीख, किती पावलांवर मुंग्या, किती मिनिटं बसल्यावर गेल्या, परत किती पावलं. बसायचं तेही मागे रेलून नाही, कोपर गुडघ्यांवर टेकून. घरी पाठीवर झोपून गुडघे छातीशी, पोट आत घेऊन कंबर जमिनीला टेकवणं, आणि स्थिर सायकल वीस मिनिटं. ऑगस्टअखेर २२० पावलांची ३६० झाली. एकूण दिवसाचं चालणं दुपटीहून जास्त, कारण तुकडे वाढले.

काठीचा सल्ला सगळे देतात. माझ्या हातात वडिलांची उंच काठी आली आणि तिने मी आणखी ताठ झालो, म्हणजे आणखी वाईट. काठी घ्यायचीच तर बुटकी घ्या. चाकांचा वॉकर खरा उपयोगी, हँडल थोडं खाली करून त्यावर झुकता येतं. पण सोसायटीच्या फाटकातून वॉकर घेऊन बाहेर पडायचं धैर्य मला झालं नाही, हे कबूल करतो. मी सायकल हातात धरून चालायला लागलो. हँडलवर भार टाकून, थोडं वाकून, सायकल शेजारी ढकलत. पिशवी अडकवायला जागा, थकलो तर कट्टा मिळेपर्यंत सीटला टेकायचं, आणि कुणी विचारलंच तर "पंक्चर आहे." एवढी पंक्चर होणारी सायकल पुण्यात दुसरी नसेल.

झोपेत मुंग्या येऊ नयेत म्हणून रात्रीची गोळी होती. मुंग्या कमी झाल्या, चालणं एक पाऊल वाढलं नाही, आणि सकाळी डोकं जड. पंधरा दिवसांनी डॉक्टरांना विचारून हळूहळू बंद केली. अशा गोळ्या एकदम सोडायच्या नसतात.

सप्टेंबरात वहीतले आकडे उतरायला लागले. ३६०, ३००, २४०. ऑक्टोबरात मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, ऑपरेशन थिएटरमध्ये एक्स-रेखाली, सकाळी जाऊन दुपारी घरी, १८,००० खिशातून. पुढचे पाच दिवस शुगर २८०च्या वर. हे मला आधी सांगितलं होतं, तरी आकडा बघून छातीत धडधडलं. मधुमेह असेल तर त्या आठवड्यात रोज तपासा आणि आपल्या शुगरच्या डॉक्टरांना आधीच गाठून ठेवा. आराम पडला, नाही असं नाही. तीन आठवडे मी माणसासारखा चाललो. दिवाळीत लेकीबरोबर लक्ष्मी रोडला गेलो. मग वही: १८०, १२०, ९०. नोव्हेंबरअखेर घरापासून मेडिकलची पायरीही दोन तुकड्यांत.

ऑपरेशनसाठी दोन मतं घेतली आणि दोन वेगळीच निघाली. एका ठिकाणी दोन मणी स्क्रू-रॉडने जोडायचे, पावणेचार लाख. पहिल्या सर्जनांनी उभं राहून, पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेले एक्स-रे मागवले, ४५० रुपये. मणी एकमेकांवरून सरकत नाहीत हे त्यात दिसलं, तेव्हा त्यांच्या मते नुसती जागा मोकळी करून पुरे, अंदाजे दोन लाख. जोडणी वाईट असं माझं म्हणणं नाही, मणी सरकत असतील तर ती लागते. पण "का जोडायचे?" हा प्रश्न मी जोडणी सांगणाऱ्या ठिकाणी विचारला तेव्हा उत्तर पॅकेजच्या भाषेत मिळालं. पहिल्या सर्जनांकडे उत्तर एक्स-रेच्या भाषेत मिळालं.

तारीख १६ डिसेंबर ठरली आणि मोडली. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ८.६. भूलतज्ज्ञ म्हणाले, जखम भरणार नाही, खाली आणा. तो सगळा जानेवारी मी भाकरी, पालेभाजी आणि स्थिर सायकलवर काढला. अगदी संक्रांतीची गुळपोळीही बघून सोडली. फेब्रुवारीत ७.४ आली.

आता विमा. याच्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण मला ऑपरेशनपेक्षा याची जास्त धास्ती होती. राज्य सरकारी पेन्शनर असलो तरी निवृत्तीनंतर औषधपाण्याचा खर्च आपला आपण. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांचं कवच २०२४च्या ऑक्टोबरात सुरू झालं, पण मी अडुसष्टाव्या वर्षात. माझी खासगी पॉलिसी जून २०१९ची, दरवर्षी न चुकता भरलेली, मधुमेह सांगून घेतलेली. हॉस्पिटलच्या टीपीए काउंटरवर, म्हणजे विम्याचे कागद बघतात तिथे, आधार, पॅन, पॉलिसी कार्ड, सर्जनचं पत्र, सगळे रिपोर्ट दिले. दुसऱ्या दिवशी कंपनीची क्वेरी: पाठदुखी पॉलिसीच्या आधीपासून होती का? झालं असं होतं की जानेवारी २०२४च्या पहिल्या केसपेपरवर "पाठदुखी ५ वर्षं" असं लिहिलेलं होतं. मी डॉक्टरांना "चार-पाच वर्षं अधूनमधून कंबर धरते" एवढंच बोललो होतो. कोणाची कंबर धरत नाही? पण पाच वर्षं मागे गेलं की जानेवारी २०१९, म्हणजे पॉलिसीच्या पाच महिने आधी.

रात्रभर झोप नाही. काउंटरवरची मुलगी मात्र शांत. म्हणाली, "काका, पॉलिसीला सलग साठ महिने झालेत ना? मग फसवणूक सिद्ध केल्याशिवाय जुना आजार लपवला म्हणून क्लेम नाकारता येत नाही. विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, आयआरडीएआयने, ही मुदत आठ वर्षांवरून पाच केलीय, २०२४ला." नेहमीच्या डॉक्टरांकडून खुलाशाचं पत्र आणलं, पायांची तक्रार पहिल्यांदा कधी नोंदली ते त्यात तारखेसह. दोन दिवसांनी मंजुरी आली. तेव्हा केसपेपरवर काय लिहिलंय ते दवाखान्यातून बाहेर पडायच्या आत वाचा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या, नंतर कोणी करत नाही.

अजून एक. माझ्या पॉलिसीत भरतीच्या आधीच्या ३० दिवसांचा आणि नंतरच्या ६० दिवसांचा खर्च मिळतो. जूनचा एमआरआय त्यात बसत नव्हता. सर्जनना तसाही नवा हवा होता, तो जानेवारीच्या शेवटी काढला, ७,००० परत मिळाले.

ऑपरेशन १८ फेब्रुवारी २०२५. त्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही, मी झोपलो होतो. रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून आठवडाभर आधी बंद केली होती. दोन-सव्वादोन तास लागले म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओने कुशीवर वळवून, पाय खाली सोडून, हाताच्या जोरावर उठवलं. टाक्यांची जागा चांगलीच दुखत होती. पण कॉरिडॉरमध्ये मी चाळीस पावलं गेलो, ताठ, आणि वाट बघत राहिलो. पोटरीत ते ओझं आलंच नाही. नर्सला वाटलं चक्कर आली, कारण मी भिंतीला धरून नुसता उभा होतो.

चौथ्या दिवशी डिस्चार्ज. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असा नियम आहे. आम्हाला सकाळी अकरापासून सव्वाचार वाजले. तीन तासांपुढे हॉस्पिटलने काही जादा लावलं तर ते विमा कंपनीने भरायचं असतं. मी काउंटरवर तेवढं विचारलं आणि दुपारनंतरचं अर्ध्या दिवसाचं खोलीभाडं बिलातून गेलं. बिल २,१२,४००, मंजूर १,८६,०००, खिशातून २६,४००. त्यात मोठा वाटा हातमोजे, ड्रेप, किट अशा न मिळणाऱ्या वस्तूंचा. खोली पॉलिसीच्या मर्यादेतलीच घेतली होती. महागडी घेतली असती तर बाकीचं बिलही त्या प्रमाणात कापलं असतं.

पुढचे सहा आठवडे नियम बरेच: वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, जमिनीवर बसायचं नाही, स्कूटर नाही. कमोडवर ठेवायची उंच बैठक महिन्याला ६०० रुपये भाड्याने आणली, तिने फार सोय झाली. टाके बाराव्या दिवशी निघाले. चालणं रोज, पण पावलं मोजूनच. वही चालू होती: मार्चमध्ये ५००, एप्रिलमध्ये दीड हजार. मे महिन्यात सारसबाग एका दमात. वडाखालच्या कट्ट्यावर मी मुद्दाम बसलो नाही, नंतर वाईट वाटलं.

सगळं गेलेलं नाही. दोन्ही तळव्यांना अजून पातळ मोजा घातल्यासारखं वाटतं. दाबली गेलेली नस कितपत परत येईल हे कोणी सांगू शकत नाही असं सर्जननी आधीच सांगितलं होतं, शिवाय माझी शुगर आहे. रात्री बाथरूमला जाताना दिवा लावूनच जातो, चप्पल पायातून निघाली तरी कळत नाही. सकाळचे व्यायाम आणि स्थिर सायकल सुरूच आहे. उंच काठी कपाटावर.

२०२५च्या जूनमध्ये पालखीच्या दिवशी पूलगेटला जाऊन उभा राहिलो. आधी नुसतं दर्शन घ्यायचं ठरलं होतं. मग एका दिंडीच्या मागे चालायला लागलो, टाळांच्या नादात मोजायचं राहून गेलं. भैरोबा नाल्याला हिचा फोन आला, "कुठे आहात?" मी सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बसा तिथेच, अभिषेकला स्कूटर घेऊन पाठवते. रस्ते बंद आहेत, त्याला वेळ लागेल." एका चहावाल्याच्या बाकावर बसलो, सवयीने कोपर गुडघ्यांवर टेकून. मग लक्षात आलं आणि मागे रेललो.